रजिस्टरमधला शून्य

(अंबरनाथ येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



सकाळी अंबरनाथ पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने इकडे येताना एमआयडीसीचा तो वास तुम्हाला आला असेल. आमच्या घरात त्या वासाचा अर्थ पगार असा होता. माझे अब्बा आयुष्यभर एमआयडीसीत राबले. बारावीनंतर मीही आनंदनगरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला लागलो. पुढे काम करत करत संगणकाचं शिक्षण घेतलं. आता सरकारी दवाखान्यांच्या औषधसाठ्याचं सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांबरोबर काम करतो.

मला आज विषय दिलाय ‘आरोग्यसेवेची पुरवठा साखळी आणि डिजिटल व्यवस्था’. नाव भारदस्त आहे. मी ते असं समजून घेतो: कारखान्यातून निघालेली गोळी गरजू माणसाच्या हातात पोहोचते का? आणि नाही पोहोचली, तर ते कुणाला कळतं का?

पहिल्या प्रश्नावर आपण सगळेच बोलतो. दुसऱ्यावर फारसं कुणी बोलत नाही. मी आज त्यावरच बोलणार आहे.

आधी कारखान्यातली गोष्ट सांगतो. औषध कंपनीत पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट म्हणजे लेबल. माल आला की त्यावर पिवळं लेबल लागतं. म्हणजे तपासणी बाकी आहे, हात लावायचा नाही. तपासणीत पास झाला की हिरवं, नापास झाला की लाल. प्रत्येक स्ट्रिपवर बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख. एका बॅचचे किती खोके भरले, किती स्ट्रिप खराब निघाल्या, कुठल्या ट्रकने किती माल गेला, सगळं लिहिलेलं. संध्याकाळी हिशेबात चार स्ट्रिप कमी आल्या तर त्या सापडेपर्यंत आम्ही घरी जायचो नाही. सुपरवायझर ओरडायचा, पण त्याचं बरोबर होतं.

त्याच काळात माझ्या अम्मीला रक्तदाबाची गोळी सुरू होती. ती एका सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणायची. कधी मिळायच्या, कधी खिडकीवरून उत्तर यायचं, ‘आज नाहीत, पुढच्या आठवड्यात या.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा रिक्षा, पुन्हा रांग. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा ती म्हणाली, ‘जाऊ दे, डोकं दुखेल तेव्हा घेईन.’ रक्तदाबाची गोळी डोकं दुखलं की घ्यायची नसते, हे तिला माहीत होतं. पण रांगेत उभं राहायचा तिला कंटाळा आला होता.

त्या दवाखान्याचं नाव मी घेत नाही, कारण दोष एका खिडकीचा नव्हता. मला वेगळंच वाटायचं. मी दिवसभर चार स्ट्रिपांचा हिशेब लावणारा माणूस, आणि माझी आई गोळीशिवाय परत आली याची नोंद जगात कुठेच नाही. गोळी हरवली तर सायरन, माणूस हरवला तर काहीच नाही.

आता साखळीकडे येऊ. महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे होती. तिथे खरेदीला उशीर होतो अशा तक्रारी वाढल्या. मग २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झालं. साठ्याच्या नोंदीसाठी सी-डॅकने तयार केलेली ‘ई-औषधी’ ही संगणक प्रणाली आहे. म्हणजे आपल्याकडे काहीच नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल.

तरीही २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडला काय झालं ते आठवा. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यातली १२ नवजात बाळं होती. औषधं नव्हती असा आरोप झाला. औषधांची कमतरता नव्हती असं राज्य सरकारने सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारकडे माहिती मागितली. मृत्यूंची कारणं अनेक असतात, डॉक्टरांची संख्या, खाटा, उशिरा आलेले रुग्ण. मी इथे निवाडा करणार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे: अमुक दिवशी अमुक वॉर्डात अमुक औषध होतं की नव्हतं, या साध्या प्रश्नावर वाद व्हावाच का? चांगली व्यवस्था तीच, जिच्याकडे याचं उत्तर एका मिनिटात मिळतं आणि ते उत्तर दोन्ही बाजूंना मान्य असतं.

मग हे उत्तर का मिळत नाही? त्याचं एक कारण तुम्हाला आकड्यांत दाखवतो. वहीत लिहून घ्या, कारण हेच माझ्या भाषणाचं मूळ आहे.

समजा, एका दवाखान्यात रक्तदाबाच्या रोज ६० गोळ्या लागतात. महिन्याला १,८०० हव्यात. पण वरून आल्या फक्त ६००. त्या १० तारखेला संपल्या. पुढचे २० दिवस खिडकीवर ‘नाहीत’. महिनाअखेरीला रजिस्टर काय सांगतं? आवक ६००, वापर ६००, शिल्लक ०. आता पुढच्या तिमाहीची मागणी काढायची. कारकून किंवा संगणक विचारतो, महिन्याचा सरासरी वापर किती? ६००. त्यात सुरक्षेसाठी दहा टक्के वाढवतो, म्हणजे ६६०. त्या ११ तारखेला संपतात. कागदावर मात्र सगळं छान: जेवढं मागितलं तेवढं मिळालं, जेवढं मिळालं तेवढं वापरलं, काही वाया गेलं नाही. वरचा अधिकारी खूश.

इथे चोरी कुणी केली नाही. खोटंही कुणी लिहिलं नाही. तरी रोज ६० गोळ्यांची गरज असलेली वस्ती कागदावर रोज २० गोळ्यांची झाली. आणि ही चूक वर्षानुवर्षं स्वतःलाच खरं ठरवत राहते. ज्या दवाखान्याला आधीपासून कमी मिळतं, त्याची मागणीही कमी दिसते, म्हणून पुढेही त्याला कमीच मिळतं. असे दवाखाने कुठल्या वस्त्यांत असतात, ते मी तुम्हाला सांगायला नको.

याचा उपाय गणिताने सोपा आहे. ६०० गोळ्यांना ३० ने भागायचं नाही. जितके दिवस माल होता तितक्याच दिवसांनी, म्हणजे १० ने भागायचं. रोजच्या ६०, महिन्याच्या १,८००. पण हे करायचं तर माल कोणत्या तारखेला संपला, ही तारीख लिहिलेली हवी. अनेक ठिकाणी तीच लिहिली जात नाही, महिनाअखेरीचा आकडा तेवढा लिहितात. ‘वापर शून्य’ या एका शून्यात दोन वेगळ्या गोष्टी लपतात. एक, कुणी मागितलंच नाही. दोन, मागायला आले होते, आपल्याकडे नव्हतं. पहिला शून्य समाधानाचा आहे, दुसरा शून्य तहानेचा. सॉफ्टवेअर करणाऱ्याने हे दोन शून्य वेगळे ठेवले नाहीत, तर कितीही महागडा संगणक आणा, तो अन्यायच जास्त वेगाने मोजेल.

आणि एवढंही पुरत नाही. अम्मीसारखी माणसं दोन-तीनदा परत गेली की यायचंच बंद करतात. मग माल असलेल्या दिवसांचा आकडाही घसरतो. म्हणून खिडकीवर एक साधा रकाना हवा: ‘मागितलं, देता आलं नाही’. नाव नको, गाव नको, फक्त संख्या. मला वाटतं, साऱ्या व्यवस्थेतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना तोच आहे.

आता माझ्या चुकीबद्दल सांगतो. मी पहिल्यांदा साठ्याचा फॉर्म तयार केला तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. एका औषधाला १४ रकाने. सगळे भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जायचा नाही. साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की पडद्यावर लाल रंग. तीन महिन्यांनी एका दवाखान्यात गेलो. तिथल्या औषधनिर्मात्या बाई माझ्या अम्मीच्या वयाच्या. त्यांनी मला चहा दिला आणि खरं सांगितलं. रांगेत दीडशे माणसं असताना १४ रकाने भरणं शक्य नसतं. म्हणून त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी एका बैठकीत सगळे आकडे भरत होत्या. आणि लाल रंग दिसला की वरून फोन येतो, ‘वेळेवर मागणी का केली नाही?’ म्हणून प्रत्येक औषधाच्या दोन-चार स्ट्रिप त्या कपाटात मागे ठेवत. साठा शून्य होऊ द्यायचाच नाही. म्हणाल्या, ‘अरे बाबा, तुझं मशीन उपाशी राहू नये म्हणून मी त्याला आकडे भरवते.’

मी त्या दिवशी दोन गोष्टी शिकलो. जो माणूस नोंद करतो, त्याला त्या नोंदीचा स्वतःच्या कामात उपयोग झाला पाहिजे, नाहीतर तो तुमच्यासाठी फक्त आकडे भरवत राहील. आणि वाईट बातमी सांगणाऱ्याला शिक्षा दिली, तर बातमी यायची थांबते, वाईट परिस्थिती थांबत नाही. आम्ही १४ चे ४ रकाने केले. किती आले, किती दिले, किती शिल्लक, किती जणांना देता आलं नाही. मुदत आणि बॅच नंबर माल येताना एकदाच टाकायचे. लाल रंग खिडकीवरच्या बाईंना दिसण्याऐवजी ज्याने माल पाठवायचा त्याला दिसू लागला.

पण त्याआधीच एक नुकसान झालं होतं. ते मी अजून विसरलो नाही.

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात शिलाई करणारा एक मुलगा आमच्या ओळखीचा होता. त्याला क्षयरोग झाला. औषध मोफत असतं हे तुम्हाला माहीत आहे. सहा महिने न चुकता घ्यायचं असतं. मध्येच सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग उपचार लांबतो, अवघड होतो. तो दोन महिने नीट घेत होता. मग एकदा गेला, औषध संपलेलं. चार दिवसांनी गेला, तेव्हाही नाही. जीन्स कारखान्यात नगावर पैसे मिळतात. अर्धा दिवस गेला की अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. तिसऱ्यांदा तो गेला नाही. पुढे त्याचा खोकला वाढला आणि तो गावी निघून गेला.

काही दिवसांनी त्याच्या नावापुढे मी नोंद पाहिली: ‘रुग्णाने उपचार सोडला’.

ही नोंद कुणी वाईट हेतूने केली नव्हती. यादीत पर्याय तेवढेच होते: बरा झाला, मृत्यू झाला, दुसरीकडे पाठवला, उपचार सोडला. ‘औषध नव्हतं’ हा पर्यायच यादीत नव्हता. रुग्णाने औषध सोडलं नव्हतं, औषधाने रुग्णाला सोडलं होतं. पण यादी बनवणाऱ्याने दोषाची जागा आधीच ठरवून ठेवली होती. अशा याद्या मी स्वतः बनवल्या आहेत, म्हणून हे सांगताना मी कुणाकडे बोट दाखवत नाही.

ही फक्त एका मुलाची गोष्ट नाही. मार्च २०२४ मध्ये क्षयरोगाच्या औषधांची चणचण देशभर जाणवत होती, आणि केंद्राने राज्यांना तीन महिन्यांसाठी स्थानिक पातळीवर औषधं विकत घ्यायला सांगितलं होतं. क्षयरुग्णांची नोंद ठेवणारं ‘निक्षय’ हे संकेतस्थळ २०१२ पासून आहे. कोण रुग्ण, कुठे, कोणत्या महिन्याचं औषध सुरू, हे सगळं संगणकावर असतानाही माल कमी पडू शकतो. कारण संगणक औषध बनवत नाही, टेंडर काढत नाही. तो फक्त वेळेवर सांगू शकतो. ऐकून हालचाल करणारा माणूस लागतोच.

मग हे कुठे नीट झालं का? झालं. दोन उदाहरणं देतो.

पहिलं तमिळनाडूचं. तिथे १९९४ मध्ये सरकारी औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. जिल्ह्यांमध्ये गोदामं उभारली. प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक दिलं, बँकेसारखं. वर्षाला तुमच्या वाट्याला इतक्या रुपयांची औषधं. रुग्णालय आपल्या गरजेनुसार गोदामातून माल उचलतं आणि पासबुकात तेवढी रक्कम वजा होते. म्हणजे ‘वरून जे येईल ते घ्या’ याऐवजी ‘आम्हाला हे लागतं’ असं खालून सांगायची सोय झाली. लक्षात घ्या, सुरुवात मोबाइलपासून नाही, कागदाच्या पुस्तकापासून झाली. आधी अधिकार कुणाचा ते ठरलं, मग यंत्र आलं.

दुसरं उदाहरण लसींचं. २०१५ पासून केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘ईविन’ ही व्यवस्था आणली. गावी या जागतिक लस संघटनेने पैसा दिला. पहिल्या टप्प्यात १२ राज्यं होती, महाराष्ट्र नंतर आला. लस साधारण २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. उष्णता लागली तर खराब होतेच, पण पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस बीसारखी लस गोठली तरी निकामी होते. उष्णता लागली तर कुपीवरचा छोटा चौकोन रंग बदलतो, तो पाहून नर्सला कळतं. गोठली तर तो चौकोन काही सांगत नाही. म्हणून ईविनमध्ये शीतपेट्यांना सिमकार्ड असलेलं तापमापक बसवलं. तापमान मर्यादेबाहेर गेलं की संबंधितांना मोबाइलवर इशारा जातो.

पण माझ्या मते यश त्या तापमापकाचं नाही. तिथे आधी देशभर वेगवेगळ्या असलेल्या नोंदवह्या एकसारख्या केल्या. लस हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रशिक्षण दिलं. त्याने वहीत लिहायचं आणि तेच मोबाइलवर भरायचं. आणि त्या आकड्यांकडे पाहून फोन करणारा, गाडी पाठवणारा माणूस जिल्ह्यात नेमला. वही, मोबाइल आणि माणूस, या तिघांतलं एक काढलं तर बाकीचे दोन निरुपयोगी.

याच पायावर पुढे १६ जानेवारी २०२१ पासून कोविड लसीकरणासाठी कोविन आलं. साठ्याचा हिशेब ठेवायला त्याचा मोठा उपयोग झाला. पण त्याच कोविनने दुसरी बाजूही दाखवली. १८ ते ४४ वयाच्या लोकांना सुरुवातीला ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. ज्याच्या हातात चांगला फोन आणि वेगवान नेट, त्याला स्लॉट मिळाला. शहरातली माणसं गावातल्या केंद्रांवर जाऊन लस घेऊन आली. सर्वोच्च न्यायालयानेही या डिजिटल दरीबद्दल सरकारला विचारलं. दार मोबाइलचं ठेवलं की ज्याच्याकडे मोबाइल नाही तो दाराबाहेर राहतो. व्यवस्था डिजिटल असू द्या, पण रांगेत चालत आलेल्या माणसासाठी खिडकी उघडीच हवी. आणि ती खिडकी नेट बंद पडलं तरी चालली पाहिजे. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, तुम्हाला आठवत असेल. अशा दिवशी वीज नसते, टॉवर बंद असतो, आणि औषध मात्र त्याच दिवशी लागतं. म्हणून नोंद आधी फोनमध्ये साठवायची, नेट आलं की वर पाठवायची. हे पहिल्या दिवसापासून ठरवावं लागतं, नंतर जोडता येत नाही.

आता बॅच नंबरकडे परत येतो. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाला सिप्रोफ्लॉक्सासिन म्हणून पुरवलेल्या गोळ्यांत औषधच नव्हतं, हे २०२३ मध्ये तपासणीतून उघड झालं. समजा संगणकात फक्त ‘सिप्रो, दहा हजार गोळ्या’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ती बनावट बॅच कुठे कुठे गेली हे शोधायचं कसं? बॅच नंबर शेवटच्या खिडकीपर्यंत लिहिलेला असेल, तर एका दुपारी सगळा माल परत बोलावता येतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० औषध ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. त्यात उत्पादक, बॅच, मुदत ही माहिती असते. घरी गेल्यावर अम्मी-अब्बांच्या गोळ्यांची पाकिटं तपासून बघा. हे काम करायला इंजिनियर व्हावं लागत नाही.

आपल्या समाजाशी थेट जोडलेल्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्या आपण सांगितल्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाहीत.

एक म्हणजे कॅलेंडर. हजला जाणाऱ्या प्रत्येकाला मेनिंगोकोकल मेंदूज्वराची लस सक्तीची आहे, आणि ती तिथे पोहोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. २०१५ मध्ये हज सप्टेंबरात होतं, २०२५ मध्ये जूनमध्ये. चांद्र वर्ष दरवर्षी १० ते ११ दिवसांनी मागे सरकतं. ‘गेल्या काही वर्षांत याच महिन्यात किती लस लागली’ या सूत्राने मागणी काढणारा संगणक इथे चुकणारच. खरं तर या लसीइतकी सोपी मागणी दुसरी कुठली नाही, कारण जाणाऱ्यांची यादी आधीच तयार असते. आषाढी वारीतल्या ओआरएसलाही हेच लागू आहे, तीही तिथीने येते. पंचांग आणि हिजरी कॅलेंडर या दोन्ही गोष्टी सॉफ्टवेअरला शिकवाव्या लागतात. शिकवणारा माणूस त्या खोलीत असला तरच ते होतं.

दुसरी गोष्ट नावांची. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव रेशनकार्डावर मोहम्मद, आधारवर मोहमद, दवाखान्यात मोहं. असतं. एका ठिकाणी ‘एमडी’ असं लिहिलेलं पाहून नव्या ऑपरेटरने रुग्णालाच डॉक्टर समजून नोंद केली होती. हसू नका, त्या माणसाला औषध मिळायला वेळ लागला. आपल्या अनेक बायकांच्या नावापुढचं बी, बानो, खातून, बेगम हे आडनाव म्हणून टाइप होतं. मग एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात, किंवा दोन बायका एकच ठरतात. उपाय अवघड नाही. आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवायचा नाही, आणि रुग्णाला क्रमांकाचं एक साधं कार्ड द्यायचं. आणि जिथे फक्त साठा मोजायचा आहे तिथे नाव मागायचंच नाही. गोळ्या मोजायला रुग्णाचा धर्म, जात, आधार क्रमांक यातलं काही लागत नाही. जे लागत नाही ते गोळा करू नये.

शेवटी, आपण काय करायचं?

औषध ही कुणाची मेहेरबानी नाही. तुमच्यापैकी जे कारखान्यात आहेत त्यांच्या पगारातून ईएसआयसाठी पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. १५,००० पगार असेल तर दोघांचे मिळून दरमहा ६०० रुपये जातात. आजारी पडायच्या आधी तुम्ही औषधाचे पैसे भरलेले असतात. जे कारखान्यात नाहीत तेही साबण घेताना, बिस्किट घेताना कर भरतात.

ठाणे जिल्ह्याला याची परंपराही आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होतं. गावकऱ्यांनी दवाखान्याचं प्रगतीपुस्तक केलं, लाल, पिवळा, हिरवा असे शेरे दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले. कारखान्यात आम्ही मालावर जे लेबल लावायचो, तेच लोकांनी व्यवस्थेवर लावलं.

तुम्ही एवढं करा. आपल्या वस्तीजवळचा एक दवाखाना निवडा. रोज लागणाऱ्या दहा औषधांची यादी करा. महिन्यातून चार वेळा जा आणि नम्रपणे विचारा, काय आहे, काय नाही. तारखेसह लिहून ठेवा. खिडकीवरच्या ताईंशी भांडू नका. आपल्याइतक्याच त्याही अडचणीत असतात, आणि तुमची वही वर मागणी करायला त्यांच्याच कामी येईल. रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते, तिथे ती वही ठेवा. लागलंच तर माहिती अधिकारात साठा कोणत्या तारखेला शून्य झाला ते विचारा. ‘वापर किती’ विचारू नका, ‘शून्य कधी’ विचारा.

आणि ज्यांना संगणक येतो त्यांनी या क्षेत्रात या. आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. दुसऱ्याचं जपून ठेवायचं आणि वेळेवर त्याच्या हाती द्यायचं. सरकारी कपाटातली गोळी ही कुणाची तरी अमानत आहे. ती नीट मोजणं हे मला माझं काम वाटतं.

अम्मी आता खाजगी दुकानातून गोळ्या घेते, मी पैसे देतो म्हणून. तिच्या जुन्या दवाखान्याच्या हिशेबात एक रुग्ण कमी झाला आणि कुणालाच तो कमी झाल्याचं कळलं नाही. तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बायकांची मुलं पैसे देऊ शकतीलच असं नाही. त्यांची नोंद करायला सुरुवात करू.

आता प्रश्न विचारा.